ऑडी, फोर्ड, कॅडिलॅक, होंडा: "आम्ही आलो" म्हणतात, पण घेऊन काय आले?

नमस्कार मंडळी!

गेले काही महिने मी कुठलाही व्हिडिओ टाकला, अगदी टायरमधल्या हवेचा टाकला, तरी खाली कमेंट एकच. "दादा, फॉर्म्युला वनमध्ये ऑडी आली, फोर्ड आली, कॅडिलॅक आली, होंडा परत आली, यावर बोला की." तर आज बोलूया.

सुरुवातीचं भरभर उरकतो, कारण तुमच्यातले निम्मे लोक पहाटे उठून शर्यती बघणारे आहेत. 2026 पासून फॉर्म्युला वनमध्ये 11 संघ, 22 गाड्या. इंजिन, म्हणजे ज्याला तिथे पॉवर युनिट म्हणतात, ते बनवणारे पाच जण: फेरारी, मर्सिडीज, होंडा, ऑडी आणि रेड बुल-फोर्ड. रेनोने 2025 नंतर स्वतःचं इंजिन बंद केलं आणि त्यांच्याच अल्पीन संघाने मर्सिडीजचं घेतलं. झालं.

आता मुद्द्याचं. आणि हा मुद्दा मी आज तीन-चार वेळा सांगणार आहे, कंटाळू नका.

अमुक कंपनी मोटरस्पोर्टमध्ये आली अशी बातमी वाचली की लगेच एक प्रश्न विचारायचा: गाडीचा कोणता भाग घेऊन आली? चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, कोण बनवतंय, इंजिन कोण बनवतंय, आणि गाडीवर नाव कोणाचं? या तीन प्रश्नांची उत्तरं तीन वेगवेगळी असू शकतात. बातमीत तिन्ही एकाच वाक्यात कोंबलेली असतात, मग कमेंटमध्ये भांडणं होतात. परवाच एकाने लिहिलं, "फोर्डने संघ काढला, आता फेरारीची खैर नाही." अरे भाऊ, फोर्डने संघ काढलेलाच नाही!

एकेक घेऊ. ऑडीने स्वित्झर्लंडमधल्या हिनव्हिलचा झाऊबर संघ घेतला. गाडी तिथे बनते, आणि इंजिन जर्मनीत नॉयबुर्गला ऑडीच्या स्वतःच्या कारखान्यात. म्हणजे चासी त्यांची, इंजिन त्यांचं, नावही त्यांचं. तिन्हींवर बरोबरची खूण. ही खरी उडी.

कॅडिलॅक म्हणजे जनरल मोटर्स. संघ नवा कोरा, अकरावा. पण गाडीत इंजिन फेरारीचं! स्वतःचं इंजिन 2029 पासून आणायचा बेत आहे. तोवर अमेरिकन नावाच्या गाडीत मारानेल्लोचं, म्हणजे फेरारीच्या गावचं, इंजिन धडधडणार. यात कमीपणा काही नाही. सगळं एकदम करायला जाऊन तोंडावर आपटण्यापेक्षा हे शहाणपणाचं आहे, असं मला मनापासून वाटतं.

आणि फोर्ड. फोर्डचा संघ नाही, फोर्डची चासी नाही. रेड बुलने 2021 मध्ये इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सला स्वतःचा इंजिनाचा कारखाना उभा करायला घेतला. फोर्ड त्यात भागीदार आहे: बॅटरीतलं तंत्र, इलेक्ट्रिक मोटर, सॉफ्टवेअर, काही सुटे भाग, आणि अर्थातच नाव. 2023 च्या फेब्रुवारीत घोषणा झाली तेव्हा सगळीकडे फोर्डचं निळं लंबवर्तुळ झळकलं आणि लोकांना वाटलं फोर्डची गाडी येतेय.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. हा जो रेड बुलचा संघ आहे ना मिल्टन कीन्सचा, तो आधी कोणाचा होता? फोर्डचाच! जॅकी स्टुअर्टचा संघ फोर्डने विकत घेतला, 2000 साली त्याला जॅग्वार नाव दिलं. पाच हंगामांत एकही शर्यत जिंकली नाही. 2004 च्या शेवटी फोर्डने तो रेड बुलला विकून टाकला. तोच संघ पुढे एकामागून एक विश्वविजेतेपदं मिळवत गेला, आणि फोर्ड आता त्याच संघाकडे भागीदार म्हणून परत आलं आहे. विकलं नसतं तर?

काही जण म्हणतील, "पण फोर्डचा इतिहास मोठा आहे, 155 विजय." आहेत ना! कॉसवर्थ डीएफव्ही नावाच्या इंजिनाचे. 1967, झांडवूर्ट, जिम क्लार्क, पहिल्याच शर्यतीत विजय. फॉर्म्युला वनच्या इतिहासातल्या थोर इंजिनांपैकी एक. पण ते घडवलं कीथ डकवर्थ आणि त्याच्या माणसांनी, नॉर्थॅम्प्टनला, कॉसवर्थमध्ये. फोर्डने दिले 1 लाख पौंड, आणि इंजिनाच्या डोक्यावर नाव फोर्डचं. पैसे दिले म्हणून ते इंजिन झालं, हे खरं. फोर्डने बनवलं, हे खरं नाही. आता विचारा परत: कोणता भाग घेऊन आले होते?

(स्क्रीनवर होंडाच्या चार कालखंडांची पट्टी)

आता माझा आवडता विषय. होंडा.

आमच्या घरी कायनेटिक होंडा होती. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असणार, पुण्यात तर गल्लोगल्ली होत्या. फिरोदियांच्या कायनेटिकने 1984 च्या सुमारास होंडाबरोबर आणलेली स्कूटर. बटण दाबलं की सुरू, गिअर नाही. आई त्यावर शाळेत सोडायची आणि मला "होंडा" हे नाव त्या स्कूटरच्या पाटीवरून माहीत झालं. 1998 मध्ये होंडा त्या भागीदारीतून बाहेर पडली आणि थोड्याच वर्षांत स्वतंत्रपणे अ‍ॅक्टिव्हा घेऊन आली. पुढे शर्यती बघायला लागलो तेव्हा कळलं की जाऊन परत येणं ही या कंपनीची जुनी सवय आहे.

मोजा माझ्याबरोबर. 1964 ला पहिल्यांदा आले, नूरबुर्गरिंगवर. गाडीही स्वतःची, इंजिनही स्वतःचं. मोटारी बनवायला लागून फार थोडा काळ झाला होता बघा. पुढच्याच वर्षी मेक्सिकोत रिची गिन्थरने जिंकलं. 1968 ला फ्रान्समध्ये रूआँला त्यांच्या गाडीत जो श्लेसरचा जीव गेला. त्याच वर्षाअखेर होंडा बाहेर.

1983 ला परत, पण या वेळी फक्त इंजिन घेऊन. विल्यम्स, मग मॅक्लारेन. 1988 मध्ये मॅक्लारेन-होंडाने 16 पैकी 15 शर्यती जिंकल्या. चालक सेना आणि प्रोस्ट. 1992 नंतर बाहेर. पण खरंच बाहेर? मुगेन नावाची कंपनी होती, सोइचिरो होंडांच्या मुलाची. तिच्या नावाने होंडाचीच इंजिनं धावत राहिली आणि 1996 ला मोनॅकोत लिजिएच्या गाडीतून जिंकलीसुद्धा.

तिसरी वेळ 2000. आधी बीएआर संघाला इंजिन दिलं, मग 2006 ला अख्खा संघ घेतला. आणि 2008 चा डिसेंबर. जगभर मंदी, मोटारी खपेनात, होंडाने जाहीर केलं: आम्ही निघालो. आता ऐका, कारण जाण्याची किंमत काय असते हे यात आहे. त्या वर्षीच्या गाडीचा नाद सोडून होंडाने सगळा जोर 2009 च्या गाडीवर लावला होता, कारण 2009 ला नियम बदलणार होते. गाडी जवळपास तयार! आणि कंपनी गेली. संघाचा प्रमुख रॉस ब्रॉन, त्याने संघ वाचवला, मागे मर्सिडीजचं इंजिन बसवलं, नाव दिलं ब्रॉन जीपी. पहिल्या 7 पैकी 6 शर्यती जेन्सन बटनने जिंकल्या. दोन्ही विश्वविजेतेपदं. वर्षाअखेर मर्सिडीजने तो संघ घेतला, आणि 2014 ते 2021 सलग 8 वेळा संघांचं विजेतेपद. इंग्लंडमधल्या ब्रॅकलीच्या त्याच इमारतीतून, जिथे आधी होंडाचा संघ होता!

म्हणून मी म्हणतो पाटी बघू नका. मंगल कार्यालयाच्या दारावर रोज वेगळ्या घराण्याचं नाव लागतं, आत आचारी तोच असतो. ब्रॅकली तसं. हिनव्हिल तसं: बीएमडब्ल्यूने 2006 ला घेतलं, 2009 ला सोडलं, पीटर झाऊबरने परत घेतलं, आता तिथे ऑडी आहे. मिल्टन कीन्सचं तर सांगितलंच. मोठ्या कंपन्या येतात-जातात तेव्हा माणसं आणि कारखाना तिथेच असतात. आणि जी कंपनी माणसं सोडून जाते, तिला परत येताना पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

पुरावा हवा? होंडाची चौथी वेळ. 2014 ला हायब्रिड इंजिनं आली आणि होंडा एक वर्ष उशिरा, 2015 ला उतरली. मॅक्लारेनबरोबर तीन हंगाम हाल झाले. सुझुकाला, होंडाच्या स्वतःच्या अंगणात, मॅक्लारेनचा चालक अलोन्सो रेडिओवर ओरडला "जीपी टू इंजिन!" खालच्या वर्गाचं इंजिन म्हणून. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं होतं. जपानमध्ये साकुराला होंडाच्या इंजिनांच्या कारखान्यात रात्रंदिवस खपणारी माणसं आणि जगासमोर हे ऐकायचं. पण ते थांबले नाहीत. 2018 ला टोरो रोसो संघाला इंजिन, 2019 ला रेड बुलला, त्याच वर्षी ऑस्ट्रियात विजय, 2021 ला रेड बुलचा वर्स्टापेन विश्वविजेता.

आणि त्याच 2021 च्या शेवटी होंडा "गेली". कार्बन उत्सर्जन शून्यावर आणायचंय, माणसं तिकडे लावतो, असं कारण 2020 मध्येच जाहीर केलं होतं.

आता माझा राग. 2022 च्या रेड बुलवर इंजिनाचं नाव रेड बुल पॉवरट्रेन्स. लोक मला कमेंटमध्ये शिकवत होते, "होंडा गेली, आता रेड बुलचं स्वतःचं इंजिन आहे." नव्हतं! ते इंजिन साकुरातच बनत होतं, होंडाचीच माणसं बनवत होती. 2023 ला रेड बुलने 22 पैकी 21 शर्यती जिंकल्या, त्या होंडाने बनवलेल्या इंजिनावर. जी कंपनी अधिकृतपणे निघून गेली होती तिच्या इंजिनावर! 2025 पर्यंत हे चाललं. म्हणजे कागदावर गेलेली, गाडीत असलेली. आणि 2026 ला अ‍ॅस्टन मार्टिनबरोबर "परत आली". तिसऱ्यांदा सांगतो, नावाकडे नाही, भागाकडे बघा.

बरं, सगळे 2026 लाच का? "जाहिरात" असं सरळ उत्तर बरेच जण देतात. अमेरिकेत आता तीन शर्यती आहेत, ऑस्टिन, मायामी, लास व्हेगस, तेव्हा फोर्ड आणि कॅडिलॅकसाठी ते काही अंशी खरंही आहे. पण मुख्य कारण नियमांच्या पुस्तकात आहे.

आधीच्या इंजिनात एमजीयू-एच नावाचा भाग होता. सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम वायूंनी टर्बो फिरतो, त्या टर्बोच्याच दांड्याला जोडलेली विजेची मोटर. मिनिटाला लाखावर फेरे. वाया जाणाऱ्या वायूतून वीज, आणि टर्बोचा विलंबही गायब. अभियांत्रिकी म्हणून अप्रतिम! पण भयंकर अवघड, महाग, आणि तुमच्या-आमच्या गाडीत जवळजवळ निरुपयोगी. होंडाचे सुरुवातीचे हाल बरेचसे याच भागापायी झाले. मर्सिडीजला त्याचा इतक्या वर्षांचा अनुभव, मग नवा माणूस कशाला उतरेल मार खायला?

2026 च्या नियमांनी तो भाग काढून टाकला. मागच्या चाकांना जोर देणारी मोटर 120 किलोवॅटवरून 350 वर नेली, म्हणजे साधारण निम्मी ताकद विजेची. इंधन शाश्वत. इंजिनावरच्या खर्चाला मर्यादा, आणि मागे पडणाऱ्याला सुधारणेची जादा संधी. ऑडीला हेच हवं होतं. पोर्शेही येणार होती, पण रेड बुलबरोबरची बोलणी 2022 च्या सप्टेंबरमध्ये फिसकटली. म्हणजे नियम कोरे झाले की नव्याला आणि जुन्याला एकाच रेषेवरून सुटायची संधी मिळते. फ्रान्समधल्या ल मॉंच्या 24 तासांच्या शर्यतीतही तेच झालं. वरच्या वर्गाचे नियम बदलून खर्च आवाक्यात आला, फेरारी 50 वर्षांनी 2023 ला परत आली आणि पहिल्याच वर्षी जिंकली.

शेवटची कमेंट घेतो, कारण ही दर आठवड्याला येते. "दादा, आपली टाटा कधी येणार?"

टाटा आहे की, फॉर्म्युला ई मध्ये. जॅग्वार 2008 ला फोर्डकडून टाटांनी घेतली, आणि 2016 ला तीच जॅग्वार विजेच्या शर्यतीत उतरली. 2023-24 ला संघांचं विजेतेपद, गाडीवर टीसीएस. आणि आपली मुंबईची महिंद्रा तर फॉर्म्युला ई च्या पहिल्या हंगामापासून, 2014 पासून तिथे आहे. 2017 ला बर्लिनमध्ये रोसेनक्विस्टने त्यांचा पहिला विजय मिळवला. 2023 ला हैदराबादच्या रस्त्यांवर दोन्ही संघ धावले, तेव्हा जॅग्वारच्या दोन गाड्या एकमेकींना धडकून बाद झाल्या आणि मी टीव्हीसमोर डोक्याला हात लावून बसलो.

आता तुमच्यासाठी गृहपाठ. फॉर्म्युला ई मध्ये चासी सगळ्यांना सारखी, बॅटरीही सगळ्यांना सारखी. मग टाटांच्या जॅग्वारचं स्वतःचं काय? मागची मोटर, इन्व्हर्टर, गिअरबॉक्स, सॉफ्टवेअर. विजेतेपद यावर आलं आहे, म्हणून ते मला गाडीवरच्या नावापेक्षा मोठं वाटतं. महिंद्राची गाडी कुठे बनते, तिच्यातला कोणता भाग कोणाचा, हे शोधून कमेंटमध्ये लिहा. सुरुवात मी करून देतो: संघाचा कारखाना इंग्लंडमध्ये बॅनबरीला आहे. त्यावर वेगळा व्हिडिओ करतोय, आणि त्यात तुमच्या कमेंट वाचून दाखवणार आहे.