खानापूरच्या गाडीतला कुंदा आणि प्रकाशाचा वेग

नमस्कार. आइन्स्टाईनचे नाव निघाले की "जगात सगळेच सापेक्ष आहे" असे कुणीतरी म्हणतेच, आणि माझ्या मते गैरसमजाला तिथूनच सुरुवात होते. कारण आइन्स्टाईनच्या सापेक्षतेच्या सिद्धांताचा सगळा डोलारा सर्वांसाठी सारख्याच असलेल्या एका गोष्टीवर उभा आहे.

बेळगावहून खानापूरकडे निघालेल्या गाडीत आपण उभे आहात. गाडी ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर, अशा एकसारख्या वेगाने धावते आहे आणि पाहुण्यांसाठी घेतलेला कुंद्याचा पुडा सव्वा मीटर उंचीवरून आपल्या हातून निसटतो. अर्ध्या सेकंदात तो सरळ आपल्या पायाशी पडतो. रुळांलगतच्या शेतातल्या शेतकऱ्याला मात्र तोच पुडा पडता पडता १० मीटर पुढे गेलेला दिसतो. यात खरे कोण, हा प्रश्नच गैरलागू आहे. दोघेही बरोबर आहेत. १६३२ साली गॅलिलिओने जहाजातल्या बंद खोलीचे उदाहरण घेऊन हेच मांडले होते, की गती एकसारखी असेल तर आत बसून कोणत्याही प्रयोगाने ती ओळखता येत नाही. इथपर्यंतची सापेक्षता आइन्स्टाईनची नव्हे.

अडचण उभी केली ती प्रकाशाने. गाडीत पुढच्या दिशेने चेंडू फेकला तर शेतकऱ्याच्या दृष्टीने त्यात गाडीचा वेग मिळवला जातो. बॅटरीच्या झोताचेही तसेच व्हावे, असे आपल्याला वाटते. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने फिरते, तेव्हा निरनिराळ्या दिशांनी जाणाऱ्या प्रकाशाच्या वेगात फरक दिसायला हवा, या अपेक्षेने मायकेलसन आणि मॉर्ले यांनी १८८७ साली अतिशय बारकाईने मोजमाप केले, आणि अपेक्षित फरक सापडलाच नाही. १९०५ मध्ये बर्नच्या पेटंट कार्यालयात नोकरी करणाऱ्या २६ वर्षांच्या आइन्स्टाईनने, निर्वातातील प्रकाशाचा वेग प्रत्येक निरीक्षकाला सारखाच आढळतो, हे तत्त्व म्हणूनच स्वीकारले. हा वेग सेकंदाला जवळजवळ ३ लाख किलोमीटर आहे.

(फळ्यावर त्रिकोण काढत) आता आपली गाडी प्रकाशाच्या ६० टक्के वेगाने पळवू. कोणत्याही वेळापत्रकात ती सापडणार नाही, पण फळ्यावर चालते. डब्याच्या तळापासून प्रकाशाची तिरीप छतावरच्या आरशाकडे निघते. आपल्या दृष्टीने तिची वाट सरळ उभी आहे, ४ एककांची. शेतकऱ्याच्या दृष्टीने तिरीप छताला पोहोचेपर्यंत आरसा ३ एकके पुढे सरकतो, म्हणून तिरिपीची वाट तिरकी होते, आणि शाळेतल्या पायथागोरसप्रमाणे ती ५ एककांची भरते. वेग दोघांनाही तोच, अंतर मात्र एकाला ४ आणि दुसऱ्याला ५. मग वेळच वेगळी असली पाहिजे: शेतकऱ्याच्या ५ सेकंदांत गाडीतल्या घड्याळात ४ सेकंदच होतात. घड्याळ बिघडलेले नाही. आपली नाडीसुद्धा त्याच घड्याळाबरोबर चालते, कारण ती वेगळी चालली असती तर आत बसल्या बसल्या गाडीची गती ओळखता आली असती, आणि गॅलिलिओ खोटा ठरला असता.

नेहमीच्या ७२ किलोमीटरच्या गाडीत वर्षभर न उतरता बसलात तरी हा फरक सेकंदाच्या सुमारे एक कोटी चाळीस लाखाव्या भागाएवढाच पडतो.

निसर्गात मात्र तो ठळकपणे दिसतो. अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांमुळे सुमारे १५ किलोमीटर उंचीवर म्यूऑन नावाचे कण तयार होतात आणि ते जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने खाली येतात. त्यांचे सरासरी आयुष्य अवघे २.२ मायक्रोसेकंद असते, आणि तेवढ्यात प्रकाशसुद्धा फार तर ६६० मीटर जाईल. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंचावर असले, तरी इथवर पोहोचणारा म्यूऑन विरळाच असायला हवा. प्रत्यक्षात आडव्या धरलेल्या तळहातातून दर सेकंदाला साधारण एक म्यूऑन पार होतो. आपण म्हणतो, त्याचे घड्याळ मंद चालते. म्यूऑनच्या दृष्टीने त्याचे घड्याळ अगदी बरोबर असते. वातावरणाची जाडीच आक्रसून काहीशे मीटरांवर आलेली असते. कारणे दोघांची वेगळी, पण तो टिळकवाडीतल्या एखाद्या गच्चीपर्यंत पोहोचला, याबद्दल दोघांचेही एकमत असते.