डायाविक: खाण बंद करताना

[दृश्य: गोठलेलं सरोवर, मधोमध बेट, चार पवनचक्क्या]

कॅनडाचा वायव्य प्रदेश. यलोनाइफपासून सुमारे ३०० किलोमीटर ईशान्येला लॅक द ग्रास हे सरोवर आहे. त्यातल्या बेटावर डायाविक ही हिऱ्यांची खाण आहे. इथला हिऱ्यांचा खडक, म्हणजे किंबरलाइट, बेटाच्या काठालगत पाण्याखाली होता. त्यामुळे आधी सरोवरात दगडांचा भराव टाकून बांध घातले. पहिला बांध ३.९ किलोमीटरचा. भरावाच्या पोटात खालच्या खडकापर्यंत पाणी अडवणारी भिंत उतरवली, आतले मासे पकडून मोठ्या पाण्यात सोडले, पाणी उपसलं आणि मगच खोदाई झाली. उत्पादन २००३ मध्ये सुरू झालं. २०२६ ही त्याची ठरलेली अखेर.

[दृश्य: बर्फावरून जाणारे टँकर]

इथे बारमाही रस्ता नाही. वर्षभराचं डिझेल, सिमेंट, सुटे भाग हे सगळं हिवाळ्यातल्या आठ-दहा आठवड्यांत, गोठलेल्या तळ्यांवरून येतं. भरलेल्या ट्रकला ताशी २५ किलोमीटरची मर्यादा आहे. ट्रकच्या भारानं बर्फ किंचित लवतो आणि खालच्या पाण्यात लाट उठते. वेग वाढला की ती लाट काठाजवळ बर्फ फोडते. २००६ चा हिवाळा ऊबदार निघाला, रस्ता लवकर बंद झाला आणि उरलेला माल विमानानं आणावा लागला. डिझेल वाचवण्याची निकड अशी रोखठोक आहे.

२०१२ मध्ये चार पवनचक्क्या उभ्या राहिल्या, एकूण ९.२ मेगावॉटच्या. पात्यांवर बर्फ साचला की त्यांचा आकार बिघडतो आणि वीज घटते, म्हणून पात्यांच्या आत गरम हवा फिरवतात. उणे ४० अंशांपर्यंत त्या चालतात. २०२४ मध्ये ३.५ मेगावॉटचा सौर प्रकल्प जोडला गेला. त्याचे पॅनेल दोन्ही बाजूंनी प्रकाश घेतात, त्यामुळे बर्फावरून परतणारं ऊनही कामी येतं.

[दृश्य: काठावरचा तंबू, मासा चिरणारे हात]

या भूमीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचे पाच गट खाणीशी करारानं बांधलेले आहेत: त्लीचो, यलोनाइव्हज डेने, लुत्सेल के डेने, नॉर्थ स्लेव्ह मेटी आणि कितिकमेओत इन्युइट. नोकऱ्या आणि कंत्राटं यांचे करार वेगळे. २००० च्या पर्यावरण करारानं त्यांना त्याहून मोलाची गोष्ट दिली. खाणीवर नजर ठेवणारं स्वतंत्र मंडळ नेमलं गेलं आणि त्यात त्यांना जागा मिळाली.

खाणीवर नजर ठेवण्याचा हा आग्रह अनुभवातून आलेला आहे. यलोनाइफच्या वेशीवरच्या जायंट सोन्याच्या खाणीचा मालक १९९९ मध्ये दिवाळखोरीत गेला. जमिनीखाली २,३७,००० टन विषारी आर्सेनिकची भुकटी राहिली आणि तिचा भार सरकारवर पडला.

डायाविकला मासे तपासायला या गटांतली ज्येष्ठ मंडळी आणि तरुण सरोवरावर तळ देतात. कल्ले, यकृत, चरबी, मांसाचा रंग पाहतात, मासा शिजवून चाखतात. नमुने प्रयोगशाळेतही जातात. दोन्ही तपासण्या हव्यातच, कारण प्रयोगशाळा धातू मोजते, पण मासा खाण्याजोगा आहे का, हे रोज खाणारेच सांगू शकतात. पाण्यात दोषही आढळला आहे. सुरुंगाच्या स्फोटकांतला अमोनिया आणि भूजलातला फॉस्फरस यांमुळे सांडपाणी सोडण्याच्या जागेजवळ शेवाळ वाढतं.

कॅरिबूचं, म्हणजे इथल्या रानटी रेनडियरचं, दुखणं मोठं आहे. बाथर्स्ट कळपात १९८६ मध्ये सुमारे ४,७०,००० प्राणी होते, २०२१ मध्ये जेमतेम ६,२००. कारणं अनेक, सगळा दोष खाणींचा नाही. पण रस्त्यांची धूळ त्यांच्या खाद्यावर, दगडफुलावर बसते. धूळ दाबायला पाणी मारतात. कॅरिबू रस्त्यावर आला तर वाहन थांबतं.

[दृश्य: खडकाचा ढिगारा, त्यावर मातीचा थर]

सगळ्यात अवघड काम आता सुरू आहे. टाकाऊ खडकातल्या काही भागात गंधकयुक्त खनिजं आहेत. हवा-पाणी लागलं की त्यांतून आम्ल झिरपतं. म्हणून ढिगाऱ्यावर दीड मीटर माती आणि त्यावर तीन मीटर स्वच्छ ग्रॅनाइट, म्हणजे आतला भाग गोठलेलाच राहावा. हवामान तापतं आहे, त्यामुळे आतलं तापमान पुढेही मोजत राहावं लागेल. खड्ड्यांत सरोवराचं पाणी भरायचं आहे. एका खड्ड्यात हिरे काढल्यावर उरलेला किंबरलाइटचा गाळ ठेवायला परवानगी मिळाली आहे. तो तळाशीच राहील ना, हा गावांचा रास्त प्रश्न. आतलं पाणी निकषांत बसलं, तरच बांध फोडून ते सरोवराला जोडायचं.