तैमूर : एका नावातलं लोखंड

तैमूर म्हटलं की आपल्याला १३९८ सालची दिल्ली आठवते. शहर लुटलं गेलं, बेसुमार कत्तल झाली. ते कुणी विसरावं असं मी म्हणणार नाही. पण आज बोलायचंय ते त्या नावाबद्दल. ते त्याच्या आधीपासून चालत आलेलं आहे आणि आजही मध्य आशियात घरोघरी ठेवलं जातं.

मूळ शब्द तेमूर, म्हणजे लोखंड. कझाक लोक 'तेमिर' म्हणतात, तुर्कस्तानात 'देमिर', मंगोल भाषेत 'तोमोर'. आपल्याकडे तो फारसीतून 'तैमूर' होऊन आला. चंगीजखानाचं जन्मनाव तेमुजिन, भाऊ तेमुगे, बहीण तेमुलुन; तिन्ही नावं याच मुळाची मानतात.

लोखंडच का? सहाव्या शतकात अल्ताई पर्वताकडचे तुर्क हे मंगोलियाच्या गवताळ प्रदेशावर राज्य करणाऱ्या रौरान खानांचे मांडलिक होते, लोहारकामासाठी प्रसिद्ध होते. त्यांचा सरदार बुमिन याने खानाची मुलगी मागितली, तेव्हा 'तू तर माझा लोहार गुलाम!' असं उत्तर आल्याचं चिनी बखरी सांगतात. ५५२ साली त्याच बुमिनने रौरानांचा पराभव केला आणि स्वतःचं राज्य उभं केलं.

अकराव्या शतकात महमूद काश्गरी या विद्वानाने बगदादमध्ये तुर्की भाषेचा कोश लिहिला. लोखंडाच्या नोंदीत तो एक रीत सांगतो. किर्गिझ, किपचाक वगैरे जमातींची माणसं शपथ घेताना तलवार समोर आडवी ठेवत आणि म्हणत, 'ही निळी आत जावो, लाल होऊन बाहेर येवो.' म्हणजे वचन मोडलं तर हेच पातं माझ्या रक्ताने माखो. लोखंड सूड उगवतं, अशी त्यांची श्रद्धा होती. मला ही नोंद फार मोलाची वाटते. मुलाला तेमूर म्हणताना त्या माणसांच्या मनात केवढं काय असेल, ते इथे दिसतं.

त्यात आईबापांची धास्तीही होती. मुलं जगत नसत. म्हणून तुर्की लोकांत तुरसून, म्हणजे 'राहो', तोख्तार, म्हणजे 'थांबेल', अशी नावं ठेवत. आपल्याकडे आधीची मुलं गेली की पुढच्याला दगडू, धोंडू म्हणायचे, तीच ही माया. लोखंडासारखा टिकून राहा, एवढंच मागणं.

आता 'तैमूरलंग'मधलं 'लंग'. हा फारसी शब्द, अर्थ लंगडा. 'लंगडा तैमूर' असं शत्रू हिणवत. १९४१ साली समरकंदमध्ये त्याची कबर उघडून सोव्हिएत शास्त्रज्ञ गेरासिमोव्ह यांनी सांगाडा तपासला, तेव्हा उजवा पाय खरोखरच अधू असल्याचं दिसलं. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत मात्र 'तैमूरलंग' हे जणू एकच नाव असल्यासारखं छापलं जातं, आणि युरोपात त्याचंच 'टॅमरलेन' झालं.

गंमत पुढेच आहे. कझाकस्तानात आणि कॉकेशसमध्ये 'तेमिरलान' हे मुलाचं आवडीचं नाव आहे, आणि ते याच 'तैमूर-लंग'वरून आल्याचं मानतात. शेवटच्या 'लान'मधलं लंगडेपण तिथे कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. ऐकणाऱ्याला ऐकू येतं ते पुढचं 'तेमिर'.