उपान्त्य सामना हरल्यानंतरचे दोन दिवस

नमस्कार, श्रोतेहो.

आज मला तुमच्याशी पाच दिवसांविषयी बोलायचे आहे. २०२४ सालच्या ऑगस्ट महिन्याच्या ४ तारखेपासून ८ तारखेपर्यंतचे हे पाच दिवस. त्या दिवसांत पॅरिसजवळच्या कोलोंब येथील मैदानावर भारताचा पुरुष हॉकी संघ ऑलिंपिकच्या बाद फेरीतले तीन सामने खेळला, आणि ते तिन्ही सामने आम्ही काही मित्रांनी ठाण्यात, नौपाड्यातल्या माझ्या घरी एकत्र बसून पाहिले. आम्ही सगळे एके काळी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या संघातून हॉकी खेळलेलो. मी गोली होतो. वेताच्या कांड्या आणि कापूस भरलेली आमची पॅड पावसात भिजली की इतकी जड होत, की खाली बसलेला गोली पुन्हा उभा राहीपर्यंत चेंडू गोलात जाऊन पडलेला असे. ज्याने मातीच्या मैदानावर हा खेळ खेळला आहे त्याला टीव्हीसमोरही स्वस्थ बसता येत नाही. त्याचे पाय नकळत हलत राहतात.

माझे हे वेड रेडिओनेच लावलेले आहे. १५ मार्च १९७५ रोजी क्वालालंपूरला विश्वचषकाचा अंतिम सामना भारत आणि पाकिस्तान यांच्यात झाला, तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. आमच्या चाळीत ज्यांच्याकडे मोठा रेडिओ होता त्यांनी तो खिडकीत आणून ठेवला होता आणि गॅलरीत दाटीवाटीने उभे राहून आम्ही जसदेव सिंग यांचे हिंदी समालोचन ऐकत होतो. अशोककुमारने दुसरा गोल केला आणि भारत २-१ ने जिंकला. त्या दिवशी मी चेंडू पाहिला नाही, मैदान पाहिले नाही, तरी तो सामना मला आजही दिसतो. पुढे १९८२ मध्ये दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत पाकिस्तानकडून १-७ असा पराभव झाला, २००८ मध्ये आपला संघ बीजिंग ऑलिंपिकला पात्रच ठरला नाही आणि २०१२ मध्ये लंडनला तो बारा संघांत बारावा आला. आमच्या वयाच्या हॉकीप्रेमी माणसाने हे सारे पचवले आहे. म्हणूनच २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये जर्मनीविरुद्ध १-३ अशा पिछाडीवरून ५-४ ने जिंकून, एक्केचाळीस वर्षांनी पदक आले, तेव्हा आमच्यातले दोघेजण अक्षरशः रडले होते.

पॅरिसच्या गटसाखळीविषयी फार बोलत नाही. न्यूझीलंड आणि आयर्लंड यांना हरवले, अर्जेंटिनाशी बरोबरी झाली, बेल्जियमकडून हार पत्करली, आणि शेवटी ऑस्ट्रेलियाला ३-२ ने नमवले; ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियावर असा विजय १९७२ नंतर प्रथमच मिळाला. गटात चूक झाली तर ती पुढच्या सामन्यात भरून काढता येते. बाद फेरीत तशी सवड नसते, आणि ती नसल्याचे दडपण खेळाडूइतकेच पाहणाऱ्यालाही जाणवते.

४ ऑगस्टला रविवार होता आणि आषाढातली दीप अमावस्याही होती. दुपारी दीड वाजता ग्रेट ब्रिटनविरुद्धचा उपान्त्यपूर्व सामना सुरू झाला, त्या वेळी आमच्या घरात सकाळी चिंच लावून घासलेल्या समया, निरांजने आणि जुना पितळी कंदील पाटावर मांडून झाले होते. बाहेर पावसाची रिपरिप होती. सतराव्या मिनिटाला अमित रोहिदासची स्टिक प्रतिस्पर्धी खेळाडूच्या चेहऱ्याला लागली आणि पंचांनी लाल कार्ड दाखवले. खोलीत एकदम शांतता पसरली. हॉकीत हिरव्या कार्डाला दोन मिनिटे आणि पिवळ्याला किमान पाच मिनिटे बाहेर बसावे लागते, पण लाल कार्ड मिळालेला खेळाडू परत येत नाही आणि त्याच्या जागी दुसराही उतरवता येत नाही. चाळीस मिनिटांहून अधिक काळ आपल्याला दहा जणांनी खेळायचे होते.

दहा जणांनी खेळणे म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय त्या दुपारचे मोल कळणार नाही. हॉकीचा आजचा खेळ अतोनात धावपळीचा आहे. कितीही वेळा खेळाडू बदलता येतात, आणि ते सतत बदलत राहतात तेही याचसाठी की कोणाचेच फुप्फुस साठ मिनिटे पूर्ण वेगाने साथ देत नाही. अशा खेळात एक माणूस कमी झाला की उरलेल्या प्रत्येकाला आपली जागा सांभाळून शेजारच्या जागेवरही लक्ष ठेवावे लागते, आणि चेंडू एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला फिरला की साऱ्या बचावफळीला ओढणीसारखे सरकावे लागते. मधल्या फळीत खेळणारा मनप्रीत सिंग मागे बचावाला उतरला. आश्चर्य असे, की दहा जणांचा झाल्यावर पहिला गोल आपल्याच संघाने केला: बाविसाव्या मिनिटाला हरमनप्रीत सिंगने पेनल्टी कॉर्नरवर, म्हणजे गोलरेषेवरून दिलेला चेंडू थांबवून गोलावर फटका मारण्याच्या संधीवर. आमच्या पिढीत याला शॉर्ट कॉर्नर म्हणत, आणि माझ्या तोंडात अजून तोच शब्द येतो. सत्ताविसाव्या मिनिटाला ली मॉर्टनने बरोबरी साधली. त्यानंतरचा सगळा उत्तरार्ध म्हणजे आपल्या डीवर, म्हणजे गोलासमोरच्या अर्धवर्तुळावर, ब्रिटिश खेळाडूंचे एकामागून एक हल्ले आणि गोलात उभा असलेला पी. आर. श्रीजेश, असाच होता.

आमच्यातला एक मित्र कळव्याहून येतो. तो आमचा फुल बॅक होता, आणि बोलण्यात कमी, धावण्यात जास्त असा त्याचा स्वभाव. दुसऱ्या सत्रात गोल झाला तेव्हा तो दाराजवळच्या लाकडी खुर्चीवर बसलेला होता, म्हणून पुढे संपूर्ण सामनाभर त्याला आम्ही तिथून हलू दिले नाही. ही अंधश्रद्धा आहे हे आम्हा सर्वांना माहीत आहे. पण आपल्या हाती काहीच नसताना एवढे तरी आपण करू शकतो, असे त्या वेळी मनापासून वाटते.

सामना १-१ असा सुटला आणि शूटआउटची वेळ आली. पूर्वी अशा वेळी पेनल्टी स्ट्रोक असत. चेंडू ठरलेल्या जागी, गोली रेषेवर, आणि फटका. आता तेवीस मीटरच्या रेषेवरून एकटा खेळाडू चेंडू घेऊन निघतो, त्याच्याकडे आठ सेकंद असतात आणि समोर एकटा गोली. हा गोली रेषेवर थांबत नाही. तो पुढे येतो, अंग पसरून कोन लहान करतो, समोरच्याला कडेला ढकलत नेतो आणि मनात सेकंद मोजत राहतो. पहिल्या दोन फेऱ्या बरोबरीत सुटल्या. तिसऱ्या फेरीत ब्रिटनचा फटका गोलावरून गेला आणि ललित उपाध्यायने आपला गोल केला. चौथ्या फेरीत फिल रोपरला श्रीजेशने अडवले आणि राजकुमार पालने शांतपणे चेंडू जाळ्यात घातला. ४-२. कळव्याचा मित्र खुर्चीवरून उठला, त्याने पाटावरच्या समईकडे पाहिले आणि हात जोडले. संध्याकाळी दिवे लागले तेव्हा घरातल्या कणकेच्या दिव्यांतले दहा दिवे नातीने वेगळे मांडले होते. हे दहा कोणाचे, असे आमच्यापैकी कोणालाही तिला विचारावे लागले नाही.

उपान्त्य सामना मंगळवारी, ६ ऑगस्टला, रात्री साडेदहाला होता. श्रावण लागला होता. शेजारच्या घरी मंगळागौर होती आणि फुगड्यांचा आवाज भिंतीपलीकडून येत होता. प्रतिस्पर्धी जर्मनी. रोहिदासवर एका सामन्याची बंदी आली होती, त्यामुळे आपला संघ सोळाऐवजी पंधरा जणांचाच होता. आता रोहिदास नसणे म्हणजे केवळ एक बचावपटू नसणे नव्हे. शॉर्ट कॉर्नरवर जो खेळाडू गोलरेषेवरून सुटतो आणि ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने येणाऱ्या ड्रॅग फ्लिकच्या, म्हणजे स्टिकने ओढत नेऊन फेकलेल्या चेंडूच्या, थेट समोर धावून जातो, त्याला पहिला रशर म्हणतात. भारताचा तो रशर म्हणजे रोहिदास. आणि समोर जर्मनीच्या बाजूने फ्लिक मारायला होता गोंझालो पेइयात, ज्याने २०१६ मध्ये रिओला मूळच्या अर्जेंटिनाकडून सुवर्णपदक जिंकले होते आणि नंतर जर्मनीकडून खेळायला सुरुवात केली. सातव्या मिनिटाला हरमनप्रीतने आपल्याला आघाडी मिळवून दिली, पण अठराव्या मिनिटाला पेइयातने कॉर्नरवरच बरोबरी केली. रोहिदास असता तर तो गोल झाला नसता असे मी म्हणणार नाही. परंतु त्या क्षणी आम्ही सगळ्यांनी जिथे पाहिले ती त्याची रिकामी जागा होती.

पेनल्टी स्ट्रोकवर जर्मनी पुढे गेली, सुखजीत सिंगने पुन्हा बरोबरी साधली, आणि चौपन्नाव्या मिनिटाला मार्को मिल्टकाऊने तिसरा गोल केला. शेवटच्या मिनिटांत श्रीजेशला बाहेर घेऊन आपण एक जादा खेळाडू उतरवला. शमशेर सिंगला संधी मिळाली. चेंडू आडव्या दांड्यावरून गेला. २-३. शिट्टी वाजली तेव्हा मध्यरात्र उलटली होती आणि भिंतीपलीकडच्या फुगड्याही थांबल्या होत्या.

कोणी काही बोलले नाही. कळव्याच्या मित्राने छत्री घेतली. रिक्षा करून देतो म्हटले तर नको म्हणाला आणि खाडीच्या पुलावरून चालत निघाला. जाताना जिन्यात थांबून म्हणाला, “गुरुवारी मी येणार नाही. सुवर्ण गेलं. आता उरलेलं बघण्यात मला रस नाही.”

श्रोतेहो, या एका वाक्यासाठी मी आज बोलायला बसलो आहे. कारण ते वाक्य त्याचे एकट्याचे नव्हते. माझ्याही मनात ते होते. संघामागे जाणाऱ्या माणसाची खरी कसोटी अंतिम सामन्यात लागत नाही. ती लागते उपान्त्य सामना हरल्यानंतरच्या दोन दिवसांत. अंतिम सामना हरलेल्या संघाला हरूनही रौप्यपदक मिळते. कांस्यपदकाच्या सामन्यात मात्र दोन दुखावलेले संघ उतरतात, दोघांचेही मोठे स्वप्न अठ्ठेचाळीस तासांपूर्वी मोडलेले असते, आणि हरणारा रिकाम्या हाताने घरी जातो. खेळाडूंना न येण्याची मुभा नसते. त्यांना बुधवारी सकाळी उठून सराव करावा लागतो, पायांवर बर्फ लावावा लागतो, स्पेनच्या चित्रफिती पाहाव्या लागतात. आपल्याला मात्र टीव्ही बंद ठेवता येतो, आणि आपण तो बंद ठेवला तर त्यांना कधी कळतही नाही. मला हेच लाजिरवाणे वाटले. बुधवारी दिवसभर मी मासुंदा तलावाभोवती पावसात फेऱ्या मारत होतो आणि एकच विचार करत होतो, की दहा जणांनी दुपारभर ज्या संघासाठी धाव घेतली त्या संघाला मी एका पराभवानंतर सोडणार असेन, तर रविवारी माझ्या घरात पेटलेले ते दहा दिवे कशासाठी होते?

आपल्याकडचा एकही खेळाडू त्या सोळांत नव्हता, हेही सांगायला हवे. खडकीच्या धनराज पिल्लेने चार ऑलिंपिक खेळली, पण पॅरिसच्या संघात महाराष्ट्रातले कोणी नव्हते. काही लोक मला विचारतात, की मग तुम्हाला एवढे काय? ओडिशाचा रोहिदास, केरळचा श्रीजेश, पंजाबचा हरमनप्रीत यांची नावे आमच्या घरात नातेवाइकांसारखी घेतली जातात, याहून वेगळे उत्तर माझ्याकडे नाही.

गुरुवारी, ८ ऑगस्टला, संध्याकाळी साडेपाचला आम्ही बसलो. दुसऱ्या दिवशी नागपंचमी होती, म्हणून स्वयंपाकघरात पुरणासाठी हरभऱ्याची डाळ निवडणे चालू होते. लाकडी खुर्ची रिकामी ठेवली होती. रोहिदास संघात परतला होता. अठराव्या मिनिटाला मार्क मिरालेसने पेनल्टी स्ट्रोकवर स्पेनला आघाडी दिली. मध्यंतराला काही सेकंद उरले असताना हरमनप्रीतने शॉर्ट कॉर्नरवर बरोबरी केली, आणि तेहेतिसाव्या मिनिटाला त्यानेच पुन्हा एकदा कॉर्नरवर दुसरा गोल केला. २-१. उरलेली सत्तावीस मिनिटे मला सलग आठवत नाहीत. एवढेच आठवते, की हा श्रीजेशचा शेवटचा सामना आहे हे स्पर्धेआधीच जाहीर झाले होते आणि दर हल्ल्याला मी माझ्या जुन्या गोलीच्या सवयीने डावा पाय पुढे टाकत होतो.

शेवटच्या मिनिटात स्पेनला कॉर्नर मिळाला तेव्हा दारावर कोणीतरी उभे असल्याचे माझ्या लक्षात आले. कळव्याचा मित्र आला होता. छत्रीतून पाणी पायपुसण्यावर ठिबकत होते. मी खुर्चीकडे बोट दाखवले, पण त्याने मान हलवली. तो नसताना गोल झाले होते, त्यामुळे आता काही बदलायचे नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते. उंबऱ्याबाहेर उभा राहूनच त्याने श्रीजेशने तो चेंडू अडवलेला पाहिला. शिट्टी वाजली, श्रीजेश आपल्या गोलपोस्टसमोर नतमस्तक झाला, आणि मग आमच्या मित्राने छत्री मिटवून भिंतीला टेकवली, चपला काढल्या आणि तो आत आला.