दहा वर्षांनी नोंद सापडेल का?

[दृश्य: काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं, लुकलुकणारा कर्सर]

नोंदी ठेवायचा प्रोग्रॅम कसा निवडावा हे बघू, पण सुरुवात जरा मागून. साल १९८८. लोटस ही अमेरिकन कंपनी तेव्हा १-२-३ या स्प्रेडशीटसाठी ओळखली जायची. त्या वर्षी तिने डॉसवर, म्हणजे विंडोजआधीच्या संगणकप्रणालीवर, चालणारा एक वेगळाच प्रोग्रॅम बाजारात आणला. त्याचं नाव अजेंडा. लोटसचे संस्थापक मिच केपॉर, जेरी कॅप्लन आणि एड बेलोव्ह यांनी तो घडवला होता.

तोवर संगणकात माहिती ठेवायची म्हणजे आधी रकाने आखायचे, नाव कुठे, तारीख कुठे, विषय कुठे ते ठरवायचं आणि मगच लिहायला बसायचं. अजेंडाने हा क्रम उलटा केला. तुम्ही फक्त एक ओळ टाइप करायची: ‘मंगळवारी फ्रेडला किमतीबद्दल फोन.’ त्यातल्या मंगळवारवरून प्रोग्रॅम स्वतः तारीख लावायचा. फ्रेड नावाचा वर्ग आधी केलेला असेल, तर ती ओळ त्या वर्गात जायची. ‘किमती’ नावाचा वर्ग असेल तर तिथेही दिसायची. ओळ एकच, पण तीन ठिकाणांहून सापडणारी. एका ठिकाणी दुरुस्त केली की सगळीकडे दुरुस्त.

नोंदींच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यानंतर जे जे आलं, त्यातलं बरंचसं या एका कल्पनेत होतं, असं मला ठामपणे वाटतं. एखादी गोष्ट सुचते तेव्हा ती कोणत्या फोल्डरमध्ये टाकायची याचा विचार करायला आपल्याला सवड नसते. आणि सहा महिन्यांनी शोधताना ती कोणत्या फोल्डरमध्ये टाकली होती, हे आठवत नाही.

[दृश्य: लाकडी कपाट, कार्डांनी भरलेले खण]

संगणकाशिवायही हा प्रश्न एकाने सोडवला होता. जर्मन समाजशास्त्रज्ञ निक्लास लुमान यांनी काही दशकांत सुमारे ९०,००० कार्डं लिहिली. त्यांनी ती केवळ विषयवार लावली नाहीत, तर प्रत्येक कार्डाला क्रमांक दिला आणि एका कार्डावर दुसऱ्याचा क्रमांक लिहून ठेवला. एक कार्ड हाती आलं की त्याच्या नात्यातली कार्डंही हाती यायची. आज ऑब्सिडियन, रोम, लॉगसेक या नोंदींच्या प्रोग्रॅममध्ये दुहेरी चौकोनी कंसात शब्द लिहून जो दुवा जोडतात, त्यामागे हीच रीत आहे.

अजेंडाचं पुढे काय झालं? डॉसचे दिवस सरले, विंडोज आलं. लोटसने ऑर्गनायझर नावाच्या दुसऱ्याच प्रोग्रॅमवर भर दिला. तो पडद्यावर हुबेहूब खिशातल्या डायरीसारखा दिसायचा. विंडोजवर एको प्रो नावाचा तगडा पर्याय होता, पण त्याच्या मालक कंपनीने १९९७ मध्ये त्यावरचं काम थांबवलं. दोन्ही प्रोग्रॅमना जीव लावणारी माणसं त्यानंतरही होती. कुणी नव्या संगणकात जुनं डॉस उभं करून अजेंडा चालवत राहिलं, कुणी एको प्रोला स्वतः जोडण्या लिहिल्या. केपॉर यांनी चँडलर नावाने पुन्हा असा प्रयत्न केला. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती २००८ मध्ये आली, पण लोकांच्या रोजच्या वापरात ती रुळली नाही.

[दृश्य: फोनच्या पडद्यावर हिरवं हत्तीचं चिन्ह]

त्याच २००८ मध्ये एव्हरनोट हे नोंदी ठेवायचं ॲप सगळ्यांसाठी खुलं झालं. लाखो लोकांनी बिलं, पाककृती, बैठकींची टिपणं, दुकानाच्या पाटीचे फोटो, सगळं त्यात टाकलं. फोटोतली अक्षरंही शोधता येत होती, ही त्या काळी मोठीच गोष्ट होती. २०२३ च्या सुरुवातीला ही कंपनी इटलीच्या बेंडिंग स्पून्सकडे गेली. त्याच वर्षाच्या अखेरीस फुकट वापरणाऱ्यांना ५० नोंदी आणि एकच वही, अशी मर्यादा आली. नियम बदलण्याचा कंपनीला अधिकार आहे, त्यावर माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती आपण प्रोग्रॅमची तुलना कशी करतो यावर. रंग किती, टेम्पलेट किती, एआय आहे का, हे आपण पहिल्या दिवशी बघतो. नोंदीचा खरा उपयोग असतो दहाव्या वर्षी.

म्हणून बाहेर पडायची वाट आधी बघा. एव्हरनोटमधून नोंदी एनेक्स नावाच्या फाइलमध्ये निघतात. मजकूर, चित्रं, तारखा त्यात येतात, पण एका नोंदीतून दुसरीकडे जाणारे दुवे एव्हरनोटच्याच पत्त्याकडे बोट दाखवत राहतात. नोशन या दुसऱ्या ॲपमधून पानं मार्कडाउनमध्ये (साध्या खुणा असलेल्या मजकुरात) आणि तक्ते सीएसव्हीमध्ये (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या फाइलीत) मिळतात. फाइलच्या नावाला मात्र अंक आणि अक्षरांचं लांबलचक शेपूट असतं, आणि तक्त्यांची वेगवेगळी दृश्यं (यादी, कॅलेंडर) मागेच राहतात. ऑब्सिडियनमध्ये बाहेर काढण्याचा प्रश्नच येत नाही. नोंदी पहिल्यापासून तुमच्याच फोल्डरमध्ये साध्या मजकुराच्या फाइली म्हणून असतात. ऑब्सिडियनचा कोड खुला नाही, म्हणजे तो कुणालाही बघता-बदलता येत नाही, तरीही ते उद्या बंद पडलं तर फाइली नोटपॅडमध्ये उघडतील. जॉप्लिन या नोंदींच्या प्रोग्रॅमचा कोड तर खुला आहे. आणि इमॅक्स या मजकूर लिहायच्या जुन्या प्रोग्रॅममधला ऑर्ग मोड, जो कार्स्टन डोमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने २००३ मध्ये सुरू केला, तो साध्या मजकुरावर आजही ठणठणीत चालतो. शिकायला अवघड आहे, हेही खरं.

[दृश्य: मराठी टाइप होत असलेला पडदा, अगदी जवळून]

मराठीत लिहिणाऱ्याने आणखी एक गोष्ट तपासलीच पाहिजे, आणि तुलनेच्या इंग्रजी व्हिडिओंमध्ये ती कधी येत नाही. ती म्हणजे शोध. तुम्ही लिहिलंय ‘पावसात गळणारी खिडकी’. वर्षभराने शोधपेटीत टाकता ‘पाऊस’. उत्तर काहीच नाही. आपल्या भाषेत प्रत्यय लागताना शब्दाचं अंगच बदलतं: विहीर, विहिरीत, मूल, मुलाला. अक्षराला अक्षर जुळवणारा शोध इथे हरतो.

त्याहून अवघड गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही. ‘शेतकऱ्याला’ हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र दोन तऱ्हांनी साठवला जातो. एका कीबोर्डवरून तो वेगळ्या ‘ऱ’चा म्हणून जातो, दुसऱ्यावरून साध्या ‘र’ला अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. फोनवर लिहिलेली नोंद संगणकावर शोधली की सापडत नाही, त्याचं एक कारण हे असतं.

युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची आजची सामायिक पद्धत, येण्याआधीच्या फॉन्टमध्ये ज्यांनी वर्षानुवर्षं टाइप केलं, त्यांना हे नवं नाही. फाइलमध्ये प्रत्यक्षात रोमन चिन्हं, वरून फॉन्टचा मराठी चेहरा. फॉन्ट गेला की उरते अगम्य चिन्हांची रांग. अशा फाइली रूपांतर करून युनिकोडमध्ये आणण्याचं काम आजही अनेक घरांत आणि कचेऱ्यांत अडून पडलेलं आहे. नवा प्रोग्रॅम निवडण्याआधी ते केलेलं बरं.

यावर उपाय आहेत. नोंदीच्या शेवटी मूळ रूपातला एक खूणशब्द टाकायचा, नेहमी तोच: पाऊस, विहीर, शेतकरी. ऑब्सिडियनमध्ये एका नोंदीला पर्यायी नावंही देता येतात.

एरवी माझं मत सरळ आहे. किराण्याची यादी आणि विसरू नये अशा छोट्या गोष्टींसाठी गूगलचं कीप हे ॲप पुरतं. चारचौघांनी मिळून काम करायचं तर नोशन सोयीचं. पण वाचन, संशोधन, घराचा इतिहास, वडिलधाऱ्यांनी सांगितलेल्या गोष्टी, असं जे काही जन्मभर लागणार आहे, ते साध्या मजकुराच्या फाइलीतच ठेवा.

आणि ठरवण्याआधी एक संध्याकाळ काढा. वीसेक नोंदी मराठीत लिहा. एकीत फोटो असू द्या, दोन एकमेकींना जोडा, काही फोनवरून टाका. मग सगळ्या बाहेर काढून दुसऱ्याच्या संगणकावर, तो प्रोग्रॅम नसताना उघडा. दुवे वाचता येतात का, फोटो आलाय का, फाइलींची नावं मराठीतच आहेत का, ते बघा. मग ‘शेतकऱ्याला’ शोधा, एकदा फोनवरून टाइप करून, एकदा संगणकावरून.