तासातासाचे आभार

[दृश्य: पाऊस. दांडिया बाजारातून निघालेली वर्धीची रिक्षा, म्हणजे मुलांना शाळेत नेणारी-आणणारी; बाजूला लटकलेली दप्तरं.]

जुलैची अखेर. वडोदऱ्यात या दिवसांत छत्री असली काय, नसली काय, सारखंच. 31 जुलै 2019 ला या शहरावर एका दिवसात जवळपास 500 मिलिमीटर पाऊस कोसळला आणि विश्वामित्री नदीतल्या मगरी थेट वस्त्यांमध्ये आल्या. कॅथलिक दिनदर्शिकेत हीच तारीख संत इग्नेशियस लोयोला यांच्या सणाची. त्यांनी स्थापलेल्या येशूसंघाच्या, म्हणजे जेझुइट धर्मगुरूंच्या, परंपरेतली माध्यमिक शाळा या दिवशी आभाराची मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची सामूहिक उपासना, ठेवते. युरोपात उन्हाळ्यात येणारा सण आपल्याकडे ऐन पावसात येतो. तयारीतल्या निम्म्या अडचणींचं मूळ तेच.

[दृश्य: वर्ग. दुपार. मिटलेले डोळे, एकाचा अर्धवट उघडा.]

पण मिस्सा त्या एका सकाळची. आभाराची सवय लागते ती रोज दुपारच्या पाच मिनिटांच्या चिंतनात. शाळेत त्याला सगळे 'एग्झामेन' म्हणतात, आणि दरवर्षी नवी मुलं ते परीक्षेचंच नाव समजून घाबरतात. इग्नेशियस यांच्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकाला पोपची मान्यता मिळाली 1548 मध्ये. त्यात या चिंतनाच्या पाच पायऱ्या दिल्या आहेत. आधी मिळालेल्या गोष्टींबद्दल देवाचे आभार. मग स्वतःला नीट पाहता यावं म्हणून मागणं. मग दिवसाचा हिशेब, नंतर क्षमा, आणि शेवटी उद्याचा निश्चय. आभार पहिले, चुका नंतर. हा क्रम मुद्दाम आहे. 1542 च्या एका पत्रात इग्नेशियस कृतघ्नतेला सगळ्या पापांचं मूळ म्हणतात.

हिशेब कसा घ्यायचा, तर तासातासाने, असं ते लिहितात. मराठी घरातल्या मुलाला हे समजावून सांगावं लागत नाही. त्याच्या शाळेचा दिवस तासांतच मोजला जातो: पहिला तास गणिताचा, दुसरा तास गुजरातीचा.

स्पीकरवरून दहावीतला एक विद्यार्थी पाच वाक्यं वाचतो. प्रत्येक वाक्यानंतर 40 सेकंद शांतता. म्हणजे 200 सेकंद नुसती शांतता, बाकी वाचन. बिघडतं ते इथेच. वाचणाऱ्याला शांततेची भीती वाटते आणि 40 चे 10 होतात, म्हणून त्याच्यासमोर सेकंदकाट्याचं घड्याळ ठेवायचं. शिक्षकांनी त्या वेळात वह्या तपासायच्या नाहीत. पानांची फडफड शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाते. सर्वांत वाईट म्हणजे चौथ्या पायरीला झाडाझडती घेणं: "काच ज्याने फोडली त्याने विचार करावा!" एवढं एक वाक्य आलं की पुढचे आठ दिवस मुलं डोळे मिटतात ती फक्त सुटका व्हावी म्हणून. कोणाकडूनही मोठ्याने काही वदवून घ्यायचं नाही.

आणि आभार कोणाचे? विचारलं की उत्तर ठरलेलं: आई-बाबा, शिक्षक, देव. निबंधातलं त्रिकूट. ते खोटं नाही, पण त्यात आजचा दिवस नसतो. म्हणून प्रश्न बारीक करायचा. तिसऱ्या तासाला पेन कोणी दिलं? फाटकापाशी वर्धीवाल्या काकांनी दप्तर उतरवलं तेव्हा त्यांच्याकडे पाहिलं का? माणूस आणि तास, दोन्ही सांगता आले की आभार जमले.

[दृश्य: सभागृहाबाहेर चिखलाच्या चपलांची रांग.]

या शाळेत कॅथलिक मुलं थोडी. बाकीची हिंदू, मुस्लिम, जैन. दुसऱ्या पायरीला कोणाला हाक मारायची हे ज्याचं त्याच्या घरचं. दत्ताला हाक मारा, नाहीतर आणखी कोणाला. मिस्सेची गोष्ट वेगळी. संविधानाचा अनुच्छेद 30 अल्पसंख्याकांना शाळा चालवण्याचा हक्क देतो, आणि अनुच्छेद 28 चं तिसरं कलम सांगतं की मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत अल्पवयीन मुलाला पालकांच्या संमतीशिवाय उपासनेला बसवता येत नाही. म्हणून पालकांना चिठ्ठी आठवडाभर आधी जाते. जी मुलं येत नाहीत त्यांना ग्रंथालयात नुसतं बसवून ठेवणं ही शिक्षाच; त्यांच्याकडे धान्याचं काम द्यावं. ते पुढे येईलच.

[दृश्य: वेदी. पांढरं कापड. झाकणाचं पात्र.]

मिस्सेचं एक जुनं नाव युखारिस्त. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच आभार. तिथली भाकर फक्त गव्हाचं पीठ आणि पाणी यांची. मीठ नाही, खमीर नाही. तिच्या पातळ चकत्यांना सगळे 'होस्ट' म्हणतात. संख्या ठरवताना पट पाहायचा नाही. ज्या कॅथलिक मुलांचा पहिला कम्युनियन, म्हणजे पहिल्यांदा होस्ट घेण्याचा विधी, झाला आहे ती मुलं, कॅथलिक शिक्षक, वर पाच-दहा. हौसेने पटाएवढ्या ठेवल्या तर नंतर पेच पडतो, कारण मिस्सेत पवित्र झालेला एकही होस्ट टाकून देता येत नाही. दमट हवेत होस्ट मऊ पडून एकमेकांना चिकटतात. पाकीट त्याच सकाळी फोडावं. बाकीच्या मुलांनी जागेवर बसावं, किंवा छातीवर हात दुमडून रांगेत यावं आणि आशीर्वाद घ्यावा. हे आदल्या दिवशी वर्गात सांगायचं. भर सभागृहात माइकवरून सांगितलं की रांगेतलं मूल ओशाळतं.

धूपदानाचा कोळसा पावसाळ्यात हमखास दगा देतो. डबा घट्ट बंद हवा. कोळसा दहा मिनिटं आधी पेटवायचा आणि वर राखाडी थर आला की मगच धूप घालायचा. घाई केली तर धूर होतो, सुगंध नाही. पंखा वर चालू असेल तर राख फादरांच्या पांढऱ्या झग्यावर.

बालकांच्या मिस्सेसाठी व्हॅटिकनची 1973 ची मार्गदर्शिका बायबलमधली वाचनं कमी करू देते. शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्रातलं वाचन, मात्र गाळता येत नाही. मुलं वाचतात त्या विश्वासूंच्या प्रार्थना म्हणजे मागण्या: चर्चसाठी, जगासाठी, दुःखितांसाठी, आपल्या गावासाठी. गुजराती, इंग्रजी, एखादी मराठीतही. त्यात आभार कोंबायचा मोह सगळ्यांनाच होतो. आभारांची जागा कम्युनियननंतर, अंतिम आशीर्वादाच्या आधी. तिथे भाषण नको. सफाईच्या मावशी, शिपाईकाका, वर्धीवाले, यांची नावं पूर्ण आणि बरोबर वाचा. नाव चुकलं तर न वाचलेलं बरं.

[दृश्य: व्हरांड्यात काटा, गोण्या.]

आता धान्य. वस्तीतल्या कुटुंबांसाठी प्रत्येकाने पाव किलो आणायचं. 40 मुलांच्या वर्गाचे होतात 10 किलो. तांदूळ आणायचे की तूरडाळ, हे वर्गागणिक ठरवून द्यावं, नाहीतर वेचण्यात संध्याकाळ जाते. पीठ घ्यायचंच नाही; या हवेत गुठळ्या होतात, जाळी धरते. पिशवीवर आणणाऱ्याचं नाव लिहायचं नाही. गोण्या भिंतीपासून वीतभर दूर, लाकडी फळीवर. वजन करणारी मुलं बहुधा तीच, जी मिस्सेला बसली नव्हती.

[दृश्य: रिकामं सभागृह. पावसाचा आवाज.]

खुर्च्या उचलताना आठवीतली मुलं दहा-दहांची चळत लावतात. धूपदान तासभर तसंच ठेवतात. वरून गार दिसणारा कोळसा आत धगधगत असतो आणि प्लॅस्टिकची कचरापेटी वितळवू शकतो. राख पुरती निवली की ती बागेत, कडुनिंबाच्या बुंध्याशी मातीत.