सही करण्याआधी बक्षीसपत्र वाचा

नमस्कार श्रोतेहो.

राहतं घर किंवा शेतजमीन मुलाला, मुलीला, नातवंडाला बक्षीस द्यायची तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क अवघं 200 रुपये आहे. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात कॅमेऱ्यासमोर बसायचं, अंगठा टेकवायचा, की घर दुसऱ्याचं. दस्तात ठरीव वाक्य असतं, ‘नैसर्गिक प्रेम व मायेपोटी, कोणताही मोबदला न घेता’. आजीला ते वाचून दाखवलं तर दाखवलं. आणि ‘आईला शेवटपर्यंत सांभाळीन’ ही ओळ? पोटच्या पोराकडून असं लिहून घ्यायचं का, म्हणून ती राहूनच जाते.

मी म्हणेन, घ्याच लिहून. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्यातलं कलम 23 याच ओळीवर उभं आहे. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने हात वर केले, तर ती फसवून घेतली असं धरून या कायद्याखालचं न्यायाधिकरण व्यवहार रद्द करू शकतं. मात्र 2022 साली सर्वोच्च न्यायालयात एका आईचा दावा टिकला नाही, कारण अशी अट होती हे दिसतच नव्हतं. उलट मध्य प्रदेशातल्या एका आईने बक्षीसपत्रासोबत मुलाकडून सांभाळण्याचं वचनपत्रही लिहून घेतलं होतं. तिला जानेवारी 2025 मध्ये त्याच न्यायालयाने घर परत मिळवून दिलं.

अट लिहिलेली नसली, तरी मुलांकडून पोटगी, म्हणजे सांभाळाचा खर्च, मागण्याचा हक्क कुठे जात नाही. वय 60 पूर्ण आणि स्वतःचा खर्च भागत नाही, एवढं पुरे. साध्या कागदावर अर्ज करून प्रांताधिकाऱ्यांकडे द्या, वकील लागत नाही. महिन्याला कमाल 10,000 रुपये मंजूर होतात; नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत निकाल अपेक्षित असतो. मूलबाळ नसेल तर ज्या पुतण्याला, भाच्याला तुमची इस्टेट मिळणार, त्याच्यावरही ही जबाबदारी येते. म्हाताऱ्या माणसाला टाकून देणाऱ्याला तीन महिने कैद किंवा 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. दंडाची रक्कम मला तरी हास्यास्पद वाटते.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाने प्रांत कचेरी गाठायची कशी? त्याने सांगितलेली कुणीही व्यक्ती किंवा एखादी संस्था त्याच्या वतीने अर्ज करू शकते. शेजारच्या घरात असं कुणी असेल, तर 14567 हा ज्येष्ठांसाठीचा मोफत क्रमांक सकाळी आठ ते रात्री आठ चालू असतो.